हातचा म्हणजे सुट्टे: गल्लीतल्या आईबाबांना दुकानवाल्या काकूंचं खुलं पत्र

समस्त आईबाबांनो, आणि आजी-आजोबांनो पण, कारण शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरं तुमच्याच ताब्यात असतात,

मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली काकू. धनकवडीत १९९८ पासून गल्ल्यावर बसते. तुमच्यातल्या काहींना मी शाळेच्या गणवेशात बघितलंय, आता तुमची पोरं येतात (गणवेशाचा रंग बदलला तेवढा, खिशातला शाईचा डाग तोच). मी काही शिक्षिका नाही. बारावी कॉमर्स झाले आणि लग्न झालं, पुढचं सगळं शिक्षण तराजूवर आणि उधारीच्या वहीत. पण एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडतेय आणि बोलल्याशिवाय राहवेना म्हणून लिहायला बसले. जरा लांबलंय, दुपारी चहा घेताना वाचा.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी एक चिरंजीव आले, दुसरीतले, हातात आईचा फोन. दुधाची पिशवी आणि बिस्किटचा पुडा. मी म्हणलं, सत्तेचाळीस झाले रे बाळा. तो नुसता माझ्याकडे बघतोय. मला वाटलं रिक्षाच्या आवाजात ऐकू नाही गेलं, परत म्हणलं, सत्तेचाळीस. तर म्हणतो, काकू इंग्लिशमध्ये सांगा ना. फोर्टी सेव्हन म्हणलं. लगेच बोटं चालली, स्कॅन झालं, पिन टाकला (आईचा पिन पोरांना पाठ असतो हा वेगळाच विषय आहे, त्यावर परत कधीतरी), डबा बोलला पैसे आले म्हणून. मी सहज विचारलं, काय रे, तू मला पन्नासची नोट दिली असतीस तर मी तुला किती परत दिले असते? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "पण मी नोट दिलीच नाही ना काकू."

आता याला काय बोलणार. खरंच बोलला की.

त्याची टिंगल करायला सांगत नाहीये. हुशार आहे तो, वहीत स्टार असतात त्याच्या. आणि परवाच त्याच्या आईने मला विचारलं होतं, काकू, याला कुठला क्लास लावू, बेरजा येतात पण वजाबाकी आली की रडतो. तेव्हा मागे गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी काही बोलले नाही. आता बोलते. क्लास लावायचा तर लावा ताई, पण त्याआधी त्याच्या हातात पन्नासची नोट द्या आणि त्याला एकट्याला माझ्याकडे पाठवा.

ऑनलाइन पेमेंटवर माझा राग नाहीये. उलट फाटक्या नोटा गेल्या, सुट्ट्यावरून होणारी भांडणं गेली, रात्रीचा हिशोब लवकर जुळतो. पण २०१६ च्या नोटाबंदीनंतर हळूहळू आणि करोनानंतर एकदमच पोरांच्या हातातले पैसे गेले. आधी पोरगं यायचं ते मुठीत नाणी आवळून, घामाने ओली झालेली, काउंटरच्या काचेवर ओतायचं आणि आपलं आपणच मोजायचं, हे पाचाचं, ही दोनाची तीन, झाले अकरा, काकू एक रुपया कमी पडतोय, उद्या दिला तर चालेल? आता या एवढ्या बोलण्यात बेरीज आली, वजाबाकी आली, उधारीसुद्धा आली. आणि आता मी आकडा सांगते, पोरगं टाइप करतं, डबा बोलतो. मोजायची वेळच येत नाही कुणावर.

आणि हो, आमची पण चूक आहे, ती आधीच कबूल करते. कित्येक वर्षं आम्ही दुकानदारांनी दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून पोरांच्या हातावर दोन चॉकलेटं ठेवली. मी पण ठेवली. पोरं खूश, मीही खूश. पण त्या पोराने घरून निघताना मनात हिशोब केलेला असायचा की दोन रुपये परत येणार, आणि आम्ही तो हिशोब गोळीत गुंडाळून त्याला परत दिला. असो.

हातच्याचं सांगते, कारण सगळी रडारड तिथेच आहे.

दोन वेण्यांची एक मुलगी आहे, आता चौथीत गेली. आई नर्स, दुपारची ड्युटी असली की ही माझ्याकडे थांबते, आत गव्हाच्या पोत्यावर बसून अभ्यास करते. दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट, सहज तिच्या वहीत डोकावले तर ५२ वजा २७ बरोबर ३५. त्याच्याखाली ६१ वजा ३८ बरोबर ३७. पान भरून असंच आणि प्रत्येकावर लाल फुली. म्हणलं, हे कसं केलंस गं? म्हणाली, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. अगं पण वर दोन आहेत आणि खाली सात, तू उलटं कसं काय केलंस? तर मलाच समजावून सांगते, "काकू, दोनातून सात जातच नाहीत ना, म्हणून सातातून दोन घालवायचे."

बघा, किती नियमाने चुकत होती पोरगी. एकही बेरीज-वजाबाकी तिने आळसाने चुकवलेली नव्हती. आणि घरी तिला शिकवलेलं नव्हतं असंही नाही. दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घे, पाचाचे चार कर, दोनाचे बारा कर, हे सगळं तिला स्तोत्रासारखं पाठ होतं. पण ते कधी म्हणायचं आणि का म्हणायचं ते कळत नव्हतं. मला म्हणाली, "एक घेतला तर दोनाचे तीन व्हायला पाहिजेत, बारा कसे होतात?" आता खरं सांगा, चुकीचा प्रश्न आहे का हा? आपल्यातल्या किती जणांनी लहानपणी हा प्रश्न मनात ठेवून गपचूप बारा केले असतील.

मी गल्ल्यातून दहाच्या पाच नोटा काढल्या आणि रुपयाची दोन नाणी, तिच्यापुढे ठेवली. हे तुझे बावन्न. तू माझ्याकडून सत्तावीसचं सामान घेतलंस, दे बघू पैसे. दोन नोटा पटकन दिल्या. मग सात द्यायचे तर हातात दोनच नाणी. तिने नाण्यांकडे बघितलं, नोटांकडे बघितलं, परत नाण्यांकडे बघितलं आणि एक नोट माझ्याकडे सरकवत म्हणाली, "काकू, सुट्टे द्या ना."

मी काही शिकवलं नव्हतं हो, तिनेच मागितले. दहा नाणी मोजून दिली, तिच्याकडे बारा झाली, सात मला दिली, उरली पाच आणि नोटा दोन. पंचवीस. मग म्हणलं, आत्ता तू माझ्याकडे जे मागितलंस ना, तेच वहीतलं उसनं घेणं, त्यालाच हातचा म्हण, काहीही म्हण. एक घेतला म्हणजे एक नोट घेतली, आणि नोट दहाची असते म्हणून दोनाचे बारा. ती काही क्षण गप्प, मग "हां म्हणजे ते शेजारचं घर म्हणजे नोटांचं घर आहे!" असं इतक्या जोरात ओरडली की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक दचकलं.

त्यानंतर सगळी गणितं बरोबर आली असं समजू नका, दुसऱ्या दिवशी परत तीन चुकली. पण चार-पाच दिवस ती नाणी घेऊनच बसायची, प्रत्येक वजाबाकीच्या बाजूला पेन्सिलीने एवढीशी नोट काढायची आणि ती खोडायची. आणि मग एक दिवस नाणी मागितलीच नाहीत. बेरजेतला हातचाही तिने आपला आपण लावला, दहा नाणी जमली की काकूंना देऊन नोट करून घ्यायची, ती नोट नोटांच्या घरात जाणार. पुढे शंभर वजा छत्तीस आलं, तिथे तर मोठी माणसंही गडबडतात, वर दोन शून्यं, उसनं मागायचं कुणाकडे. शंभराची नोट मोडली, दहाच्या दहा आल्या, त्यातली एक परत मोडली, आता नोटा नऊ आणि नाणी दहा. तो नऊ कुठून येतो हे मला स्वतःला बारावीपर्यंत कळलं नव्हतं, मी आपली घालायचे नऊ, बाई घालायच्या म्हणून.

दहाच्या नोटा आणि नाणी घरात नसतील तर खराट्याच्या काड्या घ्या, चिंचोके घ्या. काड्यांची दहा-दहाची जुडी रबर लावून बांधायची. फक्त एक करा, जुडी पोराने स्वतः बांधली पाहिजे आणि अडलं की स्वतः सोडली पाहिजे. आपण हौसेने छान जुड्या बांधून देतो, तिथेच घोळ होतो, त्याला ती एक वस्तू वाटते, त्यात दहा आहेत हे बोटांना माहितीच नसतं.

आणि हे फक्त आपल्याच गल्लीतलं आहे असं नाही. प्रथम संस्थेचा तो असर अहवाल येतो ना, पोरांना वाचता येतं का, गणित येतं का ते बघणारा, २०२४ चा बघा, देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभर पोरांपैकी साधारण ३४ जणांना ही अशी दोन आकडी वजाबाकी येते. म्हणजे दोन तृतीयांश पोरं त्याच पायरीवर अडकलीयेत. शहरातल्या इंग्लिश मीडियमचं त्यात नसतं म्हणून हसू नका, माझ्या काउंटरवर फार फरक दिसत नाही.

आता आकड्यांची नावं. २०१९ साली आठवतंय का, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला वीस एक, पंच्याहत्तरला सत्तर पाच असं वाचायला दिलं होतं. केवढा गदारोळ, पार विधिमंडळापर्यंत गेलं, आणि माझ्या दुकानात तर महिनाभर एकेक जण येऊन "काकू, तीस पाच रुपयांचे पोहे द्या" म्हणून मस्करी करत होता. मी पण हसले, कशाला खोटं बोलू. गणिताच्या समितीवर डॉ. मंगला नारळीकर होत्या, त्या सांगत होत्या की जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, दोन्ही दिलीयेत, लहान पोरांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून. २०२३ मध्ये त्या गेल्या. आता गल्ल्यावरून पोरांकडे बघताना वाटतं की बाईंनी बोट ठेवलं ती जागा बरोबर होती. पोराला म्हणावं चौतीस लिही, तर ते ४३ लिहितं. का? तर चौतीस म्हणताना तोंडातून चार आधी येतात आणि तीस मागून, लिहिताना मात्र तीन आधी. बिचारं ऐकलं तसंच लिहितं आणि मार खातं.

आता बाजार काही सत्तर पाच म्हणणार नाही, तो पंच्याहत्तरच म्हणणार. मग मी काय करते, दोन्ही म्हणते. पंच्याहत्तर झाले, सत्तर आणि पाच. चौतीस झाले, तीस आणि चार. घरी तुम्ही पण असंच बोला ना, भाजीचा हिशोब करताना, बसचा नंबर वाचताना, लिफ्टमध्ये. आणि ज्यांची पोरं इंग्लिश मीडियमला आहेत त्यांनी "आमच्याकडे मराठी आकडे नाहीत" असं कौतुकाने सांगू नका प्लीज. फोर्टी सेव्हन येऊ द्या की, कोण नको म्हणतंय, सत्तेचाळीस पण येऊ द्या, आजी भाव सांगते तो मराठीतच सांगते.

त्यात पोरं सगळ्यात घाबरतात ती एकोणला. एकोणसत्तर म्हणलं की तोंडं अशी होतात जणू मी काहीतरी वाईट शब्द वापरला. पण मला विचाराल तर सगळ्या मराठी आकड्यांमध्ये दुकानदाराला सोयीचा हाच. कसं ते सांगते. कंपन्या भाव काय ठेवतात, २९, ४९, ९९. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी. म्हणजे पन्नासची नोट द्यायची आणि एक परत घ्यायचा, तो परत द्यायचा रुपया नावातच आहे! एकोणतीस, तीस द्या एक घ्या. एकोणऐंशी, ऐंशी द्या एक घ्या. हे एकदा पोराला सांगून बघा, त्याचा चेहरा बघा. मग ते स्वतःच विचारेल की नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत, तेव्हा मला विचारू नका, मलाही माहीत नाही, पण प्रश्न विचारला म्हणजे पोराला कळलं.

आता माझा एक गैरसमज कसा गेला ते सांगते. मला बरीच वर्षं वाटायचं की व्यवहार आला की गणित आलंच, शाळेतलं ते उगाच. आमच्याकडे वर्षभर एक मुलगा कामाला होता, वीसेक वर्षांचा, नववीत गणितात नापास झाला म्हणून शाळा सोडलेली. काउंटरवर असा फास्ट की मी गल्ला त्याच्यावर सोडून जेवायला जायचे. सत्तावीसचं बिल आणि पन्नासची नोट आली की तो वजाबाकी करायचाच नाही. तीन नाणी ठेवायचा, तीस, दहाची नोट ठेवायचा, चाळीस, अजून एक, पन्नास. संपलं. तेवीस परत गेले आणि तेवीस हा शब्द त्याच्या तोंडून निघाला पण नाही. माझ्या सासऱ्यांनी मला पण सुट्टे असेच द्यायला शिकवलं होतं, खालून वर चढत जायचं, चूक होत नाही.

त्याला मी दहावीचा बाहेरून फॉर्म भर म्हणून मागे लागले होते. एक दिवस कागदावर ५०० वजा ३६८ लिहून दिलं. त्याने उत्तर लिहिलं २६८. आठ, सहा, मग पाचातून तीन गेले दोन. तीच चूक, दोन वेण्यांच्या मुलीची! मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणलं, तीनशे अडुसष्टचं बिल झालंय, पाचशेची नोट आलीय. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत, दोन सत्तर, तीस चारशे, शंभर पाचशे, एकशे बत्तीस. त्याला दोन्ही दाखवलं शेजारी शेजारी. कितीतरी वेळ बघत बसला आणि म्हणाला, "काकू, म्हणजे हे तेच आहे?"

नऊ वर्षं शाळेत जाऊन त्याला कुणी सांगितलं नव्हतं की हे तेच आहे.

पुढे २०२५ मध्ये पेपरात वाचलं, ते नोबेलवाले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो आहेत ना, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात आणि दिल्लीत बाजारात विक्री करणाऱ्या पोरांचं हेच तपासलं होतं, नेचर मासिकात आलं. बाजारातली पोरं किलो-ग्रॅमचे हिशोब तोंडी धडाधड करतात पण तसंच गणित पुस्तकातल्यासारखं मांडून दिलं की अडतात. आणि शाळेतली पोरं, जी बाजारात काम करत नाहीत, ती पुस्तकातलं करतात पण बाजारातला हिशोब त्यांना येत नाही. मला एकदम तो पोरगा आठवला, आणि लगेच तो पन्नासच्या नोटेवाला चिरंजीवही आठवला. दोघं दोन काठांवर उभे, मधे पूल नाही.

म्हणून दुकानात पाठवा म्हणतेय त्याचा अर्थ वही फेका असा काढू नका. पोरगं सुट्टे घेऊन घरी आलं की बिलाच्या मागच्या बाजूला त्याला लिहायला लावा, किती घेऊन गेला होतास, किती लागले, किती आणलेस. उभी मांडणी त्याच्या बाईंनी शिकवलीय तशीच. आणि नाणी शेजारी ठेवूनच लिहू द्या. दोन मिनिटांचं काम आहे, त्याला अभ्यास वगैरे म्हणू नका, नाहीतर पळेल.

पाढ्यांवरून गल्लीत दोन पार्ट्या आहेत, मला माहितीये. आजोबा पार्टी म्हणते तीसपर्यंत पाठ पाहिजेत, आणि तरुण आई पार्टी म्हणते घोकंपट्टी नको, कन्सेप्ट क्लिअर पाहिजे. माझे सासरे तिन्हीसांजेला शुभंकरोती झालं की परवचा म्हणायचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा अशांचे पाढे. औट म्हणजे साडेतीन, हे सुद्धा आता कुणाला माहीत नसेल. पावणेदोन किलोचा भाव तराजूतलं वजन स्थिर व्हायच्या आत सांगायचे. आत्ताच्या पोरांना पाव म्हणजे वडापावातला. खरंच, परवा एकाला त्याच्या आईने सांगितलं होतं पाव किलो रवा आण, तर दारात उभं राहून विचारतंय, "काकू, आईने पाव सांगितलाय की रवा?" पाव, अर्धा, पाऊण एवढं तरी घरात बोलत जा हो, शाळेत अपूर्णांक येतील तेव्हा किमान ओळखीचे वाटतील.

तर पाढे. माझ्या थोरल्याला मी पाढे कसे शिकवले ते सांगते, फार अभिमानाची गोष्ट नाही. २००३ साल असेल, तो तिसरीत. संध्याकाळी गर्दीच्या वेळी काउंटरच्या आतल्या बाजूला त्याला उभा करायचे, एकीकडे गिऱ्हाईक, एकीकडे बाराचा पाढा. तो बारा साते वर अडकायचा. रोज तिथेच. एक दिवस फूटपट्टी हातावर बसली, गिऱ्हाईकासमोर. त्यानंतर पाढा पाठ झाला, बारा साते चौऱ्याऐंशी, अजूनही झोपेत सांगेल. पण आज तो आयटीत आहे, चांगला पगार आहे, आणि मित्रांबरोबर हॉटेलचं बिल वाटून घ्यायचं म्हणलं की आधी फोन काढतो. मी एकदा विचारलं, तर हसत म्हणाला, आई, आकडे दिसले की मला अजून दुकानातली ती गिऱ्हाईकं दिसतात. हसत म्हणाला, पण म्हणाला.

धाकट्याच्या वेळी मी शहाणी झाले, थोडी शहाणी अंड्यांच्या ट्रेमुळे पण. ट्रे असतो तीस अंड्यांचा, पाच ओळी, प्रत्येकीत सहा. त्याला मोजायला दिला तर एक-एक करत तीसपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी ओळी मोजल्या, सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस. मग मी ट्रे आडवा फिरवला. आता पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस. तो खट्टूच झाला, म्हणे फिरवल्यावर अंडी तेवढीच कशी? पाच सक तीस, सहा पंचे तीस, हे दोन वेगळे पाढे म्हणून पाठ केले असते त्याने, ते एकच निघाले. पाठांतर नंतर करून घेतलं, केलंच, त्याशिवाय काउंटरवर चालत नाही, पण आधी ट्रे. अंडी खात नसाल तर लाद्या आहेत, गोळ्यांचं पाकीट आहे, खिडकीची जाळी आहे.

आणि ते "बोटं मोजू नकोस" म्हणून ओरडणं बंद करा बरं. बोटं देवाने कशाला दिलीत. माझ्या सासूबाई पेरांवर मोजायच्या, अंगठा फिरवत, चार बोटांची तीन-तीन पेरं म्हणजे एका हातावर बारा, दूधवाल्याचे खाडे त्या तसेच मोजायच्या आणि दूधवाला त्यांच्याशी कधी वाद घालायचा नाही. पोरगं सात अधिक पाच करताना बोटं मोडतंय, मोडू दे. काही दिवसांनी सातला हात न लावता आठ, नऊ, दहा असं पुढे मोजेल, मग एक दिवस सातात तीन घालून दहा आणि वर दोन असं करेल, आणि बोटं आपोआप खिशात जातील. तुम्ही हातावर चापट मारली की ते टेबलाखाली मोजायला लागतं, एवढाच फरक. (अॅबॅकसच्या क्लासला त्याच बोटांनी हवेत मणी हलवले की मात्र आपण व्हिडिओ काढतो आणि स्टेटसला ठेवतो.)

बरं, आता मला तुमच्याकडून नक्की काय पाहिजे ते सांगते.

आठवड्यातून एकदा, एकदाच, पहिली ते चौथीतल्या पोराला रोख पैसे देऊन पाठवा. दोन वस्तू, जास्त नको. चिठ्ठी नको, तोंडी सांगा, फार तर त्याला स्वतःला लिहू द्या, साकर लिहिलं तरी मला कळतं. भाव माहीत असलेल्या वस्तू द्या म्हणजे निघतानाच घरात विचारता येईल, किती परत येतील रे? उत्तर चुकलं तर दुरुस्त करू नका. जाऊ दे तसंच, दुकानात त्याला कळेलच, आणि तिथे कळलेलं जास्त लक्षात राहतं. मागून गॅलरीतून ओरडून हिशोब सांगणाऱ्या आयांनो, मी तुम्हाला ओळखते, गप्प बसायचं. दोन-तीन रुपये इकडेतिकडे झाले तर फोन करू नका, गेले तर माझ्या वहीत लिहिलेले असतील.

माझ्या बाजूने मी एवढं करते. सुट्ट्याच्या जागी चॉकलेट देणार नाही, कुणालाच. रुपया-दोनाची नाणी मागून आणून ठेवीन. परत देताना पोराच्या हातावर एकदम कोंबणार नाही, काचेवर एक-एक ठेवीन आणि त्याच्याबरोबर मोजीन, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. मागचं गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर त्याला थांबवायचं काम माझं.

वेळ मात्र पाळा. दुपारी चार ते साडेपाच पाठवा, तेव्हा दुकान रिकामं असतं. सात वाजता नको, दुधाची गाडी येते. रविवारी दुपारनंतर बंद असतं. आणि पाचशेची नोट देऊन पाठवू नका हो, तेवढे सुट्टे माझ्याकडेही नसतात.

तुमची,
दुकानवाली काकू

ता. क. पन्नासच्या नोटेवाल्या चिरंजीवांच्या आईने काल त्याला नोट देऊन पाठवलं होतं. त्रेचाळीस झाले. मी सात परत दिले, त्याने मोजले, परत मोजले, आणि म्हणाला, काकू, तुम्ही एक जास्त दिलाय. नव्हता दिला. आम्ही दोघांनी परत पहिल्यापासून मोजलं.